पाणी गेल्याची वेळ

कामोठ्यात बाळंतपणाची सोय नाही, अशी तक्रार आज कोणी करणार नाही. महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय याच वसाहतीत आहे आणि खासगी प्रसूतिगृहांच्या पाट्याही जागोजाग दिसतात. परंतु जिथे अनेक कुटुंबे घाटावरून वा कोकणातून येऊन वसली आहेत, जिथे सुनेचे नाव सासरजवळच्या दवाखान्यात घातलेले असते, सोनोग्राफी दुसरीकडे होते, पहिले बाळंतपण माहेरी ठरते आणि ऐनवेळी अडचण उद्भवली की तिसऱ्याच रुग्णालयाची वाट धरावी लागते, तिथे आईच्या प्रसूतीची हकीकत एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वाटेतच गळून जाते, आणि त्याचे मोल नवजात अर्भकाला द्यावे लागते.

जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत प्रकट होणाऱ्या जंतुसंसर्गाचे मूळ पुष्कळदा जन्माआधीच्या घटिकांत असते. पाणमोट फुटून अठरा तासांहून अधिक काळ लोटला, आईच्या अंगात ताप होता, गर्भजलाला दुर्गंधी होती, कळा दिवसभर लांबल्या, आतून पुनःपुन्हा तपासणी झाली, लघवीच्या जंतुसंसर्गावर इलाज झालाच नाही किंवा दिवस भरण्यापूर्वीच प्रसूती झाली, तर जंतू योनिमार्गातून वर चढून गर्भाशयात पोहोचण्याचा संभव वाढतो. बाळ मात्र काही सांगत नाही. त्याला ताप येईलच असे नाही. उलट अंग गार पडते, ते दूध ओढत नाही, रडणे क्षीण होते, आणि घरची मंडळी ‘बाळ शांत आहे’ म्हणून समाधान मानतात. अशा वेळी बालरोगतज्ज्ञाच्या हाती रक्ताच्या तपासणीचा निकाल येण्यापूर्वी आईच्या हकीकतीखेरीज फारसे काही नसते. हकीकत अपुरी असेल तर एक तर उपचाराला विलंब होतो, नाही तर निरोगी बालकालाही केवळ संशयावरून प्रतिजैविकांची इंजेक्शने टोचली जातात. ही दुसरी बाब क्षुल्लक नाही. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्भकांच्या रक्तात प्रामुख्याने आढळलेले असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे जंतू मोठ्या प्रमाणावर अनेक औषधांना दाद देईनासे झालेले होते.

याबाबतीत महाराष्ट्राला उसना धडा घेण्याचे कारण नाही. डॉ. राणी बंग यांनी १९८९ साली गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही विकार होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. पुढे डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना प्रसूतीच्या वेळी हजर राहून नोंद ठेवण्यास, बाळाची लक्षणे ओळखण्यास आणि उपचार करण्यास शिकविले. १९९९ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. माझ्या मते या यशात इंजेक्शनाइतकाच वाटा त्या नोंदवहीचा होता.

आणि नोंद म्हणजे आरोपपत्र नव्हे, हे निक्षून सांगितले पाहिजे. ‘अंगावरून पांढरे जाते’ हे सासूपुढे बोलण्याचा संकोच करणारी, थेंबाथेंबाने जाणारे पाणी लघवी समजून रात्रभर थांबलेली तरुण मुलगी कोणत्याही अर्थाने कसूरवार नाही. तिला ही लक्षणे आधी कोणी समजावून सांगितली नाहीत, कसूर तिथे आहे. बाळ आजारी पडताच तिच्या खाण्यापिण्याची उलटतपासणी घेणाऱ्या आप्तांनी तिला एवढेच विचारावे: पाणी किती वाजता गेले?

कामोठे ज्या हद्दीत येते, त्या २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेला अशी नोंद सक्तीची करण्यासाठी नवा कायदा नको आहे. खासगी प्रसूतिगृहांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यान्वये होते आणि तिचे मुदतीनंतर नूतनीकरणही करावे लागते. आई किंवा बाळ अन्यत्र पाठविताना दिल्या जाणाऱ्या चिठ्ठीवर पाणी गेल्याची वेळ, आईचा ताप, गर्भजलाचा वास, आतून केलेल्या तपासण्यांची संख्या, लघवीचा अहवाल आणि दिलेली प्रतिजैविके यांची नोंद आवश्यक ठरवावी; आणि नूतनीकरणाचा अर्ज मंजूर करण्यापूर्वी आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याने त्या प्रसूतिगृहाच्या दप्तरातील मागील चिठ्ठ्यांच्या स्थळप्रती काढून त्यांवर हे रकाने भरले आहेत की कोरे आहेत, ते स्वतः पाहावे.