सिटी की सेडिया?

सुप्रा, सिल्व्हिया वगैरे जपानी कूपे आम्ही रत्नागिरीकरांनी पडद्यावरच बघायच्या. घेऊन ट्यून करायला परवडतील अशा दोनच: २००० साली आलेली होंडा सिटी व्हीटेक (१५०० सीसी, १०६ बीएचपी) आणि २००६ची मित्सुबिशी सेडिया (२००० सीसी, ११५ बीएचपी). रॅलीत सेडिया गाजली, म्हणून मित्रांचा कौल तिला. पण ५०० सीसी वाढवून ताकद वाढली अवघी ९! (पुलिंग सेडियाचंच भारी, मान्य.) आंबा घाटातल्या वळणांना मला हलकी सिटीच हवी. शिवाय मित्सुबिशी आता इथे नव्या गाड्या विकत नाही, पार्ट कुठे शोधत बसू?

घोडं अडलंय ते पत्र्याशी. सिटीची १५ वर्षं केव्हाच उलटली, आरटीओत फिटनेस दाखवायचा, आणि खाऱ्या हवेने तळ खाल्लेला. हेडर-एक्झॉस्टसाठी साठवलेले पैसे आधी डेंटरकडे जाणार. बाबांना अजून सांगितलेलं नाही...