नवा ट्रेलर की जुना? आधी एक्सल पाहा, मग कागद, मग रंग

वर्ध्याहून यवतमाळच्या दिशेने निघाले की शहर संपते न संपते तोच सावंगी (मेघे) लागते. १९९० साली येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि तेव्हापासून बाहेरच्या माणसाला सावंगी म्हटले की दवाखानाच आठवतो. पण याच रस्त्याने देवळीकडच्या गावांत रोटाव्हेटर, पेरणी यंत्रे, मळणी यंत्रे आणि नादुरुस्त ट्रॅक्टर यांची ने-आण सतत चालू असते. ही यंत्रे दुरुस्त करणारे आणि वाहून नेणारे जे वेल्डर, फिटर, टायरवाले आणि गॅरेजवाले आहेत, त्यांत आमचे बरेच बंधू आहेत. गेल्या काही महिन्यांत त्यांच्यापैकी अनेकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. यंत्रे वाहण्यासाठी भारी ट्रेलर घ्यायचा आहे, तर नवा घ्यावा की जुना?

हा प्रश्न आताच का निघाला, तेही पाहू. दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याला प्रत्येक यंत्र विकत घेणे परवडत नाही, तो ते भाड्याने आणतो. केंद्र सरकारच्या २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेतून गटांना आणि संस्थांना अवजारे बँकेसाठी अनुदान मिळू लागले. यंत्र एका गावात आणि काम चौथ्या गावात, अशी परिस्थिती झाली. शेजारच्या शेतात रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या मागे उचलून नेता येतो, पण पंचवीस किलोमीटरवर तो ट्रॉलीवरच टाकावा लागतो. हरभरा-गव्हाच्या दिवसांत हार्वेस्टर येतात, त्यांचा पुढचा कापणीचा भाग सोडवून वेगळ्या गाडीवर न्यावा लागतो. हे काम ज्याच्याकडे चांगला ट्रेलर आहे त्याच्याकडे जाते.

आमचे मत आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्याचे काम हंगामी आहे, जो रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, पंप, फवारणीच्या टाक्या असा माल जवळच्या गावांत नेतो, त्याने जुनाच ट्रेलर घ्यावा, पण पहिल्या मालकाकडून आणि रोखीने. ज्याला हमरस्त्यावरून ट्रॅक्टर किंवा त्याहून जड यंत्रे भाड्याने न्यायची आहेत, त्याने नवा घ्यावा, नाहीतर या धंद्यात पडू नये. मधला मार्ग म्हणजे स्वस्तातला, कागद नसलेला, रंग लावून चकचकीत केलेला ट्रेलर. तो कोणीच घेऊ नये.

आता हिशेब पाहू. समजा, नवा ट्रेलर तीन लाखांना पडतो. पंचाहत्तर हजार रोख भरले आणि उरलेले सव्वादोन लाख तीन वर्षांसाठी दहा टक्के 'फ्लॅट' दराने घेतले. व्याज होते ६७,५०० रुपये आणि दरमहा हप्ता बसतो ८,१२५ रुपयांचा. दहा टक्के ऐकायला थोडे वाटते. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर लावलेले असते. घटत्या मुद्दलावर हिशेब केला तर हाच दर जवळजवळ १८ टक्के पडतो. हे कोणीही कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहावे. व्याजाचा व्यवहार टाळणाऱ्या आमच्या वाचकांना ते टाळण्याचे कारण सांगायला नको, पण ज्यांना त्याचे काही वाटत नाही त्यांनीही हा आकडा ध्यानात ठेवावा.

याहून मोठी अडचण महिन्यांची आहे. हप्ता वर्षाचे बाराही महिने येतो, पण ट्रेलर बारा महिने चालत नाही. जूनमध्ये पेरणीची धावपळ, मग जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या जमिनीत चाक रुतते आणि ट्रॉली अंगणात उभी. सोयाबीन निघाले की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा काम, नंतर कापूस आणि तुरीचे दिवस, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा व गहू. उभ्या ट्रेलरचा हप्ता गॅरेजच्या कमाईतून भरावा लागतो, आणि पावसाळ्यात गॅरेजची कमाईही रोडावलेली असते. आम्ही अशी घरे पाहिली आहेत जिथे ट्रेलरच्या हप्त्यापायी मुलांची फी थकली.

याउलट समजा जुना ट्रेलर एक लाख चाळीस हजारांना मिळाला आणि त्यावर पस्तीस हजार खर्च करून टायर, बेअरिंग, दिवे आणि हूक नवे केले. पावणेदोन लाखांत काम सुरू होते आणि डोक्यावर कोणाचे देणे नसते. पावसाळ्यात तो उभा राहिला तरी हप्ता मागायला दारात कोणी येत नाही.

मात्र जुना ट्रेलर घेताना नजर हवी. आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीने, जो स्वतः वीस वर्षे वेल्डिंग करतो, नदीपलीकडून एक ट्रॉली आणली. रंग ताजा, पत्रा सरळ, टायरही बरे. सोयाबीनच्या ऐन हंगामात मळणी यंत्राचे काम घेऊन निघाला आणि एका नाल्याच्या पुलाजवळ दांडी चेसीपासून निघाली. देवाची कृपा की मागे कोणी नव्हते. नंतर पाहिले तर दांडीच्या मुळाशी जुनी भेग होती, तिच्यावर पट्टी वेल्ड केलेली, पट्टीवर लांबी आणि लांबीवर रंग. "दुसऱ्याच्या कामात जे मी लगेच पकडतो, ते स्वतःच्या सौद्यात मला दिसले नाही," असे तो म्हणाला. भाव स्वस्त असला की कारागिराचीही नजर मंदावते, हे आम्ही इतर धंद्यांतही पाहिले आहे.

म्हणून ट्रेलर पाहायला जाताना खिशात लोहचुंबक, मोजपट्टी आणि पांढरा खडू घेऊन जावे. जिथे लांबी जाड लावली आहे तिथे चुंबक नीट धरत नाही. हुकाच्या पिनेपासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर मोजावे. ते सारखे नसेल तर एक्सल सरकला आहे किंवा चेसी वाकली आहे, आणि असा ट्रेलर टायर खात राहील. दांडीचा सांधा आणि पाटे जिथे चेसीला टांगलेले असतात त्या जागा घासून साफ कराव्यात, डिझेल लावून पुसावे आणि वरून खडू घासावा. भेग असली तर आत मुरलेले डिझेल थोड्या वेळाने वर येते आणि खडूवर काळसर रेघ उमटते. ही जुन्या मिस्त्रींची युक्ती आहे आणि अजूनही तितकीच खरी आहे. जॅक लावून चाक उचलावे, वरखाली हलवून पाहावे. खडखड आली तर बेअरिंग गेले. मग रिकामा ट्रेलर दहा किलोमीटर ओढून हबला हात लावावा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर विक्रेता काहीही सांगो, तिथे खर्च आहे. हुकाची रिंग गोल आहे की झिजून लांबट झाली आहे तेही पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत आहे एवढ्यावर भुलू नये, कारण उन्हात उभ्या ट्रॉलीचे रबर नक्षी न झिजताही मरते.

लोखंडापेक्षा जास्त फसगत कागदात होते. ट्रॅक्टरचे पुस्तक वेगळे आणि ट्रेलरचे वेगळे. "ट्रॅक्टरचे कागद आहेत ना, मग झाले" हे वाक्य ऐकले की आमच्या मनात शंका येते. ट्रेलरच्या स्वतःच्या पुस्तकावरील चेसी नंबर लोखंडावर कोरलेल्या नंबराशी जुळलाच पाहिजे. गाडी एमएच ३२ ची असो की शेजारच्या जिल्ह्याची, तिचा नंबर परिवहन खात्याच्या ॲपवर टाकला की मालक, विमा आणि कर्जाचा बोजा यांची माहिती दिसते. बोजा असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेचे पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते.

येथे विकणाऱ्या बंधूंनाही सांगणे आवश्यक आहे. स्टॅम्प पेपरवर सही घेतली, पैसे मोजून घेतले आणि ट्रेलर दिला, एवढ्याने सुटका होत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले की, परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. त्या खटल्यातली गाडी पुढे अनेक हातांत गेली होती, तरी अपघाताची जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावर आली. ज्या ट्रॉलीचे तोंडही आपण पुन्हा पाहिले नाही, तिच्या अपघाताची भरपाई आपल्या दुकानावर येऊ शकते.

विम्याचेही तसेच. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून ट्रेलरचा आहे असे धरून चालू नये, ट्रेलरची नोंद पॉलिसीत स्वतंत्र असावी. शेतीसाठी नोंदलेली ट्रॉली भाड्याने बांधकामाचे सामान वाहू लागली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी वापराचाच मुद्दा काढून हात वर करू पाहते. भाड्याचा धंदा करायचा असेल तर तशी नोंद, तसा विमा आणि योग्यता प्रमाणपत्र आधी घ्यावे.

आता नव्याबद्दल. साधारण ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टरच दोन टनांच्या आसपास भरतो, आणि मागेपुढे खोदणारे यंत्र सात टनांच्याही पुढे जाते. असे वजन साध्या दोन चाकी ट्रॉलीवर चढवणे म्हणजे संकटाला बोलावणे होय. वजन एक्सलच्या मागे गेले तर हूक वर उचलला जातो आणि ट्रॉली डोलू लागते. फार पुढे आले तर ट्रॅक्टरचे पुढचे चाक हलके होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. अशा कामाला कमी उंचीचा, चार किंवा अधिक चाकांचा, स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर हवा आणि त्यावर साखळदंडाने चारही कोपरे आवळण्याची सोय हवी. दोर चालणार नाही. उतारावर बिनब्रेकचा भरलेला ट्रेलर ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतो. असा ट्रेलर जुन्या बाजारात क्वचितच धड अवस्थेत मिळतो. म्हणून येथे आम्ही नव्याच्या बाजूचे आहोत, मग त्यासाठी दोन वर्षे थांबून पैसे जमवावे लागले तरी चालेल.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. आपोआप माल उतरवणाऱ्या शेतीच्या ट्रेलरलाही हाच ५ टक्क्यांचा दर आहे. इतर ट्रेलरना तो मिळत नाही, तेव्हा बिलावर मालाचे वर्णन काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. नव्याचा भाव उतरला की जुन्याचाही उतरायला हवा, हा मुद्दा जुना घेणाऱ्याने सौद्यात जरूर मांडावा. विकणारा तो स्वतःहून काढणार नाही.

एक गोष्ट आमच्याच वेल्डर बंधूंना सांगायची आहे, ती कडू वाटली तरी. जुन्या ट्रकचा मागचा एक्सल आणून, चॅनेल जोडून ट्रेलर बांधून देण्याचे काम अनेक शेडमध्ये चालते. हात कसबी आहे यात शंका नाही, त्यांनी बांधलेली चेसी कारखान्याच्या चेसीपेक्षा मजबूतही असेल. पण पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून नमुना मंजूर झालेला नसेल तर त्या ट्रेलरची नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. गिऱ्हाईक म्हणते, "कागद नकोत, स्वस्तात करून दे." तेव्हा या गोष्टी त्याला तोंडावर सांगणे हे आपले काम आहे. मालातला ऐब लपवून विकू नये ही शिकवण आपल्याला नवी नाही, आणि कागद नसणे हाही ऐबच आहे.

रोख रक्कम एकट्याकडे नसेल तर दोघा-तिघांनी मिळून ट्रेलर घ्यावा. सावंगीत एक गॅरेजवाला, एक टायरवाला आणि एक ट्रॅक्टरवाला एकत्र आले तर ट्रेलरचा दुरुस्तीखर्चही घरातच राहतो. फक्त कोणाचे किती पैसे, नोंदणी कोणाच्या नावावर, कोणाची पाळी कधी, मोडतोड झाली तर भरणार कोण आणि एकाला बाहेर पडायचे असेल तर भाव कसा ठरणार, हे साक्षीदारांसमोर लिहून काढावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे, आणि तरीही "भाऊ-भाऊ आहोत, लिहायचे कशाला" असे म्हणत मोडलेल्या भागीदाऱ्या आपल्या मोहल्ल्यांत थोड्या नाहीत.

खरेदीच्या वेळेविषयी शेवटी सांगतो. मे महिन्यात पेरणी तोंडावर असते, ज्याच्याकडे ट्रॉली आहे तो अडवून भाव मागतो. पावसाळ्याच्या मध्यात तीच ट्रॉली चिखलात उभी असते आणि मालकाला खत-फवारणीसाठी पैसा हवा असतो. जुना ट्रेलर घ्यायचा असेल त्याने जुलैच्या शेवटी फिरायला लागावे आणि पोळ्यापर्यंत सौदा उरकावा, म्हणजे सोयाबीन निघण्यापूर्वी बेअरिंग, दिवे आणि मागचे लाल रिफ्लेक्टर बसवायला महिनाभर तरी हातात राहतो. आणि ट्रेलर पाहायला दिवसाच्या उजेडात जावे.