वास्तूला राबता हवा

आईच्या मृत्यूचा दाखला आणायला सोलापूर महापालिकेत गेलो होतो. थोडे थांबावे लागणार होते, म्हणून आवारात उभा राहून इंद्रभुवनाचा दर्शनी भाग न्याहाळत होतो. शेजारी एक वृद्ध गृहस्थ करपावती घडी घालून खिशात ठेवत होते.

"काय बघालाव तिकडं वर?" त्यांनी विचारले.

"घर बघतोय. केवढ्या हौसेने बांधलंय!"

हौस होतीच. आप्पासाहेब वारद यांनी हा प्रासाद राहण्यासाठी बांधला. पुढे तो शहराच्या कारभाराचे घर झाला. १८५२ साली स्थापन झालेली सोलापूरची नगरपालिका १९६४ साली महापालिका झाली आणि आज तिचा पत्ता इंद्रभुवन हाच आहे. एके काळी आमंत्रणाशिवाय ज्याची पायरी चढता आली नसती, त्या वाड्यात आता कुणीही तक्रारअर्ज घेऊन जातो.

जुन्या वाड्यात कचेरी आली की जाणकार हळहळतात. नक्षीवर खिळे ठोकले जातात, दालनात फळ्यांच्या खोल्या पडतात, कोपऱ्यात फायलींचे गठ्ठे साचतात. ही हळहळ खोटी नाही. तरीही मी कचेरीच्या बाजूने बोलेन. छत गळू लागले की खाली बसलेला कारकून त्याच दिवशी ओरड करतो. कुलूपबंद वाड्यात तेच पाणी तुळईत मुरते आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत भिंतीत पिंपळ फुटलेला असतो. इंद्रभुवनाचा अलीकडे जीर्णोद्धार झाला, तोही तेथे रोजचा राबता होता म्हणूनच, असे मला वाटते.

मी हे बोलून दाखवले, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "माझे वडील जुनी मिलमध्ये साच्यावर होते. आमच्या मिलला पण असं कुणीतरी वापरायला घ्यायला पाहिजे होतं."

त्यांचे म्हणणे मनात रुतले. १८७७ साली सुरू झालेली ही गिरणी म्हणजे सोलापूरच्या गिरणगावाची पहिली वीट. १९४९ साली ती बंद पडली, तेव्हा १९५० च्या आरंभी केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एवढे करूनही पुढे साठच्या दशकात भोंगा थांबला तो कायमचाच. ज्या भोंग्यावर घराघरांतल्या चुली पेटत, त्याची खूण आज 'जुनी मिल कंपाउंड' या पत्त्यात उरली आहे. गिरणी पुन्हा चालली नसती, हे मान्य. पण तिच्या एखाद्या शेडमध्ये शाळा, बाजार, वाचनालय नांदले नसते का?

भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर या बाबतीत नशीबवान. चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४२ साली, अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. मात्र स्मारकालाही राबता लागतो. वर्षातून दोनदा हार घालून ते भागत नाही. शाळेतली मुले तेथे एरवीही गेली पाहिजेत.

म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. जुनी वास्तू रिकामी होणार हे दिसू लागले, की कुलूप लावण्याआधी एक प्रश्न विचारावा : उद्या सकाळी येथे कोण येणार? मालक, विश्वस्त, पालिका, सगळ्यांनीच विचारावा. उत्तर साधे असले तरी चालेल. सगळ्याच वाड्यांना संग्रहालय होणे परवडत नाही.

दाखला हाती आला. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या जन्माचा दाखलाही मी येथूनच नेला होता. निघताना ते गृहस्थ फाटकापर्यंत बरोबर आले.

"तुमचं बरं हाय," ते म्हणाले. "तुम्ही नातवाला हे घर दाखवू शकताव. मी माझ्या नातवाला आज्ज्याची मिल कुठं दाखवू?"