पट वीसच्या खाली, म्हणून शाळा बंद? आधी वाडीपासूनचा रस्ता मोजा

गावातली जिल्हा परिषदेची शाळा बंद होणार, मुलांना शेजारच्या गावात पाठवणार, ही चर्चा राज्यात कुठल्या ना कुठल्या तालुक्यात सतत सुरू असते. ग्रामसभेत आवाज चढतात, पंचायत समितीसमोर पालक बसतात. दोन दिवस बातम्या येतात आणि विषय मागे पडतो. पण प्रश्न तिथेच राहतो. वीसपेक्षा कमी मुलांसाठी शाळा चालवायची की नाही? दोन्ही बाजूंचं म्हणणं काय आहे आणि निर्णय कशावर व्हायला हवा, समजून घेऊया.

नेमकं प्रकरण काय?

डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने दहा किंवा त्याहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत हलवण्याचं ठरवलं. त्यावरून मोठा वाद झाला. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. त्या वेळी समोर आलेल्या आकड्यांनुसार वीसच्या आत पट असलेल्या शाळा होत्या १४,७८३. त्यांत १ लाख ८५ हजार मुलं आणि २९,७०७ शिक्षक होते.

भागाकार केला तर एका शाळेत सरासरी साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक, म्हणजे साधारण सहा मुलांमागे एक शिक्षक. मंत्रालयात बसून हा आकडा पाहिला तर खर्च जास्त वाटणारच.

वीसचा हिशेब कसा होतो?

शाळेला किती शिक्षक मिळणार हे ‘संचमान्यते’त ठरतं. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो आणि त्यातही आधार पडताळणी झालेलीच मुलं मोजली जातात. यामागे कारण आहे. २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरच्या मुलांचा मोठा घोटाळा उघड झाला होता. खोटा पट दाखवून पदं आणि अनुदान लाटणाऱ्यांना चाप लावणं गरजेचंच होतं.

पण हाच नियम एकवीस मुलांच्या शाळेत लावून पाहा. दोन मुलांच्या आधारवर नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख जुळली नाही, तर पट होतो एकोणीस. मुलं रोज वर्गात येतात, खिचडी खातात, पण सिस्टीममध्ये दिसत नाहीत. हजार मुलांच्या शाळेत दोन मुलांची चूक खपून जाते. छोट्या शाळेत ती शिक्षकाच्या पदावर येते.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे आणखी कडक केलं. सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर तिथे शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. म्हणजे शाळा बंद करण्याचा आदेश काढायचीही गरज उरत नाही. शिक्षक गेला की पालक स्वतःच दाखला काढतात.

एकत्र करा म्हणणारे काय म्हणतात?

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पहिली ते चौथीचे चार वर्ग एका खोलीत आणि शिकवायला एक किंवा दोन गुरुजी, अशी कित्येक शाळांची स्थिती आहे. त्यातला एक जण प्रशिक्षणाला, मतदार यादीच्या कामाला किंवा केंद्रावरच्या बैठकीला गेला की उरलेल्यावर चारही वर्ग येतात. एकशिक्षकी शाळेत तर त्या दिवशी सुट्टीच. इयत्ता तिसरीत एकच मुलगी असेल तर तिने गटात काय शिकायचं, कबड्डी कोणाबरोबर खेळायची?

मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान मिळू शकतं. पुणे जिल्ह्यातली पानशेतची समूह शाळा आणि नंदुरबारमधली तोरणमाळची निवासी शाळा ही उदाहरणं शिक्षण विभागाने स्वतःच पुढे केली आहेत. पानशेतला मुलांना ने-आण करायला बस आहे, तोरणमाळला राहण्याची सोय आहे. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावरच आहे.

वाचवा म्हणणारे काय म्हणतात?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत.

पण नकाशावरचा एक किलोमीटर आणि जुलै महिन्यातला एक किलोमीटर वेगळा असतो. मध्ये ओढा असेल, साकव वाहून गेला असेल, जुन्नर-अकोल्याकडे उसात बिबट्या असेल, तर सहा वर्षांच्या मुलाला एकटं कोण सोडणार? आई रोजंदारीवर गेलेली असते. मग मोठ्या बहिणीची शाळा बुडते किंवा लहान मूल घरी राहतं.

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीत २०२२ मध्ये हेच दिसलं. कारण वेगळं होतं. भाम धरणामुळे गावाचं पुनर्वसन झालं आणि मागे राहिलेल्या कुटुंबांच्या मुलांची शाळा बंद केली गेली. ती मुलं दप्तरं आणि बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेकडे निघाली. शाळा देत नसाल तर दप्तर घ्या आणि राखायला बकऱ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. त्यानंतर शाळा पुन्हा सुरू झाली. शाळा लांब गेली की मूल दुसऱ्या शाळेत जातंच असं नाही, ते बकऱ्यांमागे जाऊ शकतं, एवढं त्या मुलांनी राज्याला दाखवून दिलं.

गावालाही एक प्रश्न

ग्रामसभेत सहसा न बोलला जाणारा मुद्दाही मांडायला हवा. पट का कमी झाला? मुलं कमी जन्मतात, कुटुंबं पुण्या-मुंबईकडे जातात, ऊसतोडीला जातात, हे खरंच आहे. पण सकाळी गावात येणारी इंग्रजी शाळेची पिवळी गाडीही त्याला कारणीभूत आहे. शाळा वाचवायच्या निवेदनावर पहिली सही करणाऱ्यांची स्वतःची मुलं अनेकदा त्याच गाडीत असतात. ज्यांना फी परवडत नाही त्यांचीच मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात. त्यामुळे शाळा बंद झाली तर फटका गावाला नाही, गावातल्या सगळ्यात गरीब सात-आठ घरांना बसतो. आणि ग्रामसभेत या घरांचा आवाज सगळ्यात कमी असतो.

पट वाढूच शकत नाही, असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या शाळेत एकेकाळी तीनच मुलं उरली होती. शिक्षक दत्तात्रय वारे आणि गावकऱ्यांनी ती पुन्हा उभी केली. २०२५ मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांत या शाळेने लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. प्रत्येक गावाला वारे सर मिळणार नाहीत, हे मान्य. पण वीसचा नियम डोळे मिटून लावला असता तर ही शाळा यादीत सगळ्यात वर असती.

६०० रुपयांत गाडी येते का?

शाळा लांब गेली तर मुलांसाठी वाहतूक भत्ता आहे, असं उत्तर मिळतं. समग्र शिक्षा योजनेत तो एका मुलामागे वर्षाला सहा हजारांपर्यंत, म्हणजे दहा महिने धरले तर महिना ६०० रुपये आहे. आता वाडीवर पाच मुलं आहेत असं समजा. महिन्याचे झाले तीन हजार. तेवढ्यात रोज सकाळ-संध्याकाळ जीप कोण चालवेल? डिझेलचाही खर्च निघणार नाही. एसटीत मुलींना मोफत पास आहे, पण तो पाचवीपासून पुढे. पहिली-दुसरीच्या मुलीला त्याचा उपयोग नाही, आणि वाडीवर एसटी येतेच असंही नाही.

इथेच धोरणाची मोठी चूक दिसते. कॉलेजात पूल कसा डिझाइन करायचा हे शिकवताना सरासरी वाहतूक धरत नाहीत, सगळ्यात जड भार धरतात. शाळांच्या बाबतीत आपण उलटं करतो. सरासरी मूल, सरासरी अंतर, सरासरी खर्च धरतो आणि यादी तयार करतो. खरं तर सगळ्यात लांबच्या वाडीवरची सगळ्यात लहान मुलगी भर पावसात पोहोचेल का, हे आधी तपासायला हवं.

मग करायचं काय?

सरसकट सगळ्या शाळा वाचवा, हे माझं म्हणणं नाही. रस्ता चांगला आहे, दुसरी शाळा अर्ध्या किलोमीटरवर आहे आणि पट चार आहे, तिथे एकत्रीकरण मुलांच्याच भल्याचं ठरू शकतं. पण निर्णयाचा क्रम बदलायला हवा.

पहिलं, पटाबरोबर प्रत्येक मुलाच्या घरापासूनचं पायी अंतर पावसाळ्यात मोजा आणि ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. आधार जुळत नाही म्हणून एकही हजर मूल पटातून वगळू नका.

दुसरं, आधी गाडी, मग एकत्रीकरण. गाडी मुलामागे नाही, मार्गामागे मंजूर करा. ती एक पूर्ण पावसाळा नीट चालली, की मगच जुन्या शाळेला कुलूप लावण्याचा विचार करा.

तिसरं, शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांची संमती लेखी घ्या, आणि ज्यांची मुलं त्या शाळेत शिकतात त्यांचंच मत मोजा.

चौथं, जिथे हे शक्य नाही, तिथे शाळा राहू द्या आणि दोन शिक्षक द्या. बारा मुलांमागे दोन पगार महाग वाटतात. पण त्या बारांपैकी तिघींनी चौथीत शाळा सोडली, तर त्याचा खर्च शिक्षण विभागाच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. तो त्या तिघी आयुष्यभर भरत राहतात.

तुमच्या गावातल्या शाळेचं नाव यादीत असेल तर ग्रामसभेत एवढंच विचारा: गाडी कधीपासून सुरू होणार, कुठल्या वाडीवरून निघणार आणि तिचे पैसे कोण देणार? याचं उत्तर लेखी मिळेपर्यंत दाखला काढू नका.