आठवड्याचा हप्ता आणि रेशीम अळीचे दिवस

कर्नाटक शासनाने सूक्ष्मकर्जाच्या जाचक वसुलीला आळा घालणारा अध्यादेश 12 फेब्रुवारी 2025 रोजी जारी केला. त्यापूर्वी राज्यपालांनी त्याचे पहिले प्रारूप परत पाठवले होते. पुढे मार्चमध्ये विधिमंडळाने त्याला कायद्याचे रूप दिले. धाकदपटशा करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी त्यातील तरतूद आहे. घराला कुलूप लावून गाव सोडलेल्या कुटुंबांच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या त्याआधी काही आठवडे बेंगळुरूच्या वृत्तपत्रांत सातत्याने येत होत्या. त्यामुळे कायदा आवश्यक होता, याविषयी दुमत नाही. तथापि, या साऱ्या चर्चेत वसुली करणाऱ्याच्या वर्तनावर जितका प्रकाश पडला, तितका ज्या व्यवसायासाठी कर्ज दिले गेले त्या व्यवसायावर पडला नाही. तो व्यवसाय वाढला का? वाढला नसेल तर का वाढला नाही? या प्रश्नाचे एक उत्तर अर्थशास्त्रात आहे, तसेच ते कीटकशास्त्रातही आहे.

बेंगळुरूपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर रामनगर आहे. ‘शोले’तील खडकांमुळे बाहेरचे लोक त्याला ओळखतात. महाराष्ट्रातील रेशीम उत्पादक मात्र त्याला तेथील कोष बाजारामुळे ओळखतात. जालन्यात 2018 मध्ये कोष खरेदीची बाजारपेठ सुरू होण्यापूर्वी बीड, जालना, परभणीकडील शेतकरी कोषांची पोती घेऊन रात्रभराचा प्रवास करीत आणि सकाळच्या लिलावात उभे राहत. आजही अनेक जण जातात. आशियातील सर्वांत मोठा मानला जाणारा हा बाजार म्हणजे दोन लघुउद्योगांच्या भेटीची जागा होय. एका बाजूस अळ्या वाढवणारे कुटुंब असते, तर दुसऱ्या बाजूस कोषांपासून धागा काढणारा रीलर. दोघेही सूक्ष्मकर्जाचे ग्राहक आहेत आणि दोघांचीही अडचण निराळी आहे.

प्रथम अळीकडे पाहू. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोष विणू लागेपर्यंत तुती रेशीम अळीस साधारण 24 ते 26 दिवस लागतात. या काळात ती चार वेळा कात टाकते. एकूण पाल्याच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक पाला ती शेवटच्या, म्हणजे पाचव्या अवस्थेतील सात-आठ दिवसांत खाते. मजुरीचा आणि पाल्याचा भार तेव्हाच सर्वाधिक असतो. चंद्रिकेवर चढल्यानंतर दोन-तीन दिवसांत विणकाम संपते. परंतु आत कोषावस्था पक्की होईपर्यंत थांबणे भाग असते. त्यामुळे संकरित जातीचे कोष पाचव्या-सहाव्या दिवशी, तर दुबार जातीचे सातव्या-आठव्या दिवशी काढावे लागतात. अळ्यांच्या आधी तुतीचे वेळापत्रक असतेच. छाटणीनंतर पाला पुरेसा वाढण्यास सुमारे दीड महिन्याचा काळ जातो. एकच बाग असलेल्या कुटुंबाचे छाटणीपासून कोषविक्रीपर्यंतचे चक्र सुमारे सत्तर दिवसांचे धरले, तर वर्षाकाठी पाच पिके होतात. शेतकऱ्यांच्या भाषेत पाच ‘बॅच’.

आता याच सत्तर दिवसांवर आठवडी हप्ता ठेवून पाहावा. एका उत्पन्नामागे दहा हप्ते येतात. त्यांपैकी नऊ हप्त्यांच्या वेळी घरात कोषाचा एक रुपयाही आलेला नसतो. आता अनेक संस्था पंधरवड्याने किंवा महिन्याने हप्ता घेतात हे खरे. परंतु तारीख तरीही ठरलेलीच असते आणि पहिला हप्ता कर्ज हाती पडल्यानंतर लगेचच सुरू होतो. मग तो हप्ता येतो कोठून? दुधाच्या बिलातून, मजुरीतून, बहुतेकदा दुसऱ्या संस्थेच्या कर्जातून. कागदावर ‘रेशीम उद्योगासाठी’ दिलेले कर्ज प्रत्यक्षात गृहिणीच्या मजुरीच्या जोरावर फेडले जाते. परतफेडीचे प्रमाण उत्तम दिसते, परंतु संगोपनगृह होते तेवढेच राहते.

येथपर्यंतचा हिशेब कोणताही बँक अधिकारी मांडू शकेल. संगोपनगृहात पुढे काय घडते, ते मात्र बँकेच्या नोंदवहीत येत नाही. दोन बॅचच्या मध्ये संगोपनगृह धुऊन, निर्जंतुक करून काही दिवस रिकामे ठेवणे, हा ग्रासरी आणि फ्लॅचरी या रोगांविरुद्धचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. हप्त्याची तारीख जवळ आली की पहिली काटछाट याच दिवसांत होते. पुढची काटछाट ब्लीचिंग पावडरमध्ये. त्यानंतर मोह पडतो तो पाल्याच्या हिशेबापेक्षा अधिक अंडीपुंज घेण्याचा. रॅकवर दाटी होते, पाचव्या अवस्थेत पाला अपुरा पडतो आणि अर्धपोटी अळीमध्ये विषाणू झपाट्याने पसरतो. अखेरची घाई कोष काढण्याची. दोन दिवस आधी उतरवलेल्या कोषात मऊ प्यूपा फुटतो, कोष डागाळतो आणि लिलावात त्याचा भाव पडतो. विस्तार कार्यकर्ते याला ‘शेतकऱ्याचा निष्काळजीपणा’ असे नाव देतात. पुष्कळदा तो निष्काळजीपणा नसतो, तो शुक्रवारचा हप्ता असतो.

सामूहिक हमीचा प्रश्न याहून गंभीर आहे. पाच शेजारणींनी एकमेकींची जामीन राहावे, एकीचा हप्ता चुकला तर इतर चौघींनी तो भरावा, अशी ही रचना आहे. बांगलादेशात 1976 मध्ये मुहम्मद युनूस यांनी सुरू केलेल्या प्रयोगातून ती जगभर पसरली. एकीच्या घरी आजारपण आले, दुसरीचे दुकान बुडाले, अशा सुट्या संकटांत ती चालते. परंतु पाचही जणींनी एकाच चॉकी केंद्रातून, एकाच दिवशी, एकाच वाणाच्या अळ्या आणलेल्या असतील तर? उझी माशी 1980 मध्ये कर्नाटकात शिरली आणि तेव्हापासून ती येथेच आहे. ती एका संगोपनगृहात वाढली की शेजारच्या घरांत जाते. अळीच्या त्वचेवर अंडी घालते, मॅगट आत शिरतो आणि काळा व्रण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा वेळी पाचही जामीनदार एकाच आठवड्यात कंगाल होतात. ज्या दिवशी हमीची गरज पडावी, नेमकी त्याच दिवशी ती उरत नाही. कीड-रोगांचे संकट घराघरांत सुटे येत नसते, ते वाडीवर एकदम येते. हे ज्यांना ठाऊक होते, त्या शास्त्रज्ञांना ही रचना करताना कोणी विचारले नाही. आणि खरे सांगायचे तर त्यांनीही आपणहून सांगितले नाही.

अशाच प्रकारे एकदम कोसळण्याचा अनुभव याच पट्ट्याने 2009 मध्ये घेतला. कोलारमध्ये स्थानिक अंजुमन समितीने मुस्लिम महिलांना सूक्ष्मकर्ज संस्थांशी व्यवहार न करण्याचे आवाहन केले आणि हप्ते थांबले. पाठोपाठ शिडलघट्टा, रामनगर आणि म्हैसूर येथेही तेच घडले. त्या घटनेची चर्चा तेव्हा प्रामुख्याने धार्मिक अंगाने झाली. परंतु या गावांच्या नावांकडे पाहावे: शिडलघट्टा आणि रामनगर ही रेशीम धाग्याची केंद्रे आहेत. एकाच घरात तीन-तीन संस्थांचे कर्ज होते आणि धाग्याचा धंदा मंदीत होता. दोनच वर्षांनी, 2011 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरील आयातशुल्क 30 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आले आणि कोषाचे भाव पुन्हा कोसळले. चिनी धाग्याच्या भावाला कोणत्याही गटाची हमी पुरणारी नव्हती.

रीलरची अडचण वेगळी आहे. त्याचा पैसा रोज फिरतो, त्यामुळे आठवडी हप्ता त्याला तितका जड नाही. त्याला रक्कम पुरत नाही. समजा, कोषाचा भाव किलोला 500 रुपये आहे आणि तो दिवसाला पन्नास किलो कोष घेतो. म्हणजे सकाळच्या लिलावात 25,000 रुपये गेले. कोष वाफवणे, शिजवणे, धागा काढणे, पुन्हा गुंडाळणे आणि विकणे यांत पाच दिवस गेले तर सव्वा लाख रुपये सतत अडकून राहतात. चाळीस-पन्नास हजारांचे सूक्ष्मकर्ज येथे दोन दिवसांची तहान भागवते. उरलेल्या रकमेसाठी तो धागा घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि भावही त्याच्याच हाती देतो. चरख्यावरून यंत्राकडे जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सूक्ष्मकर्जास तो फार मोठा आणि बँकेस फार छोटा, असा हा मधल्या पायरीवर अडकलेला उद्योजक आहे.

संशोधन काय सांगते, हेही पाहणे इष्ट. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या 104 वस्त्यांत केलेला प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्त्यांत सूक्ष्मकर्ज आधी पोहोचले, तेथे नवे व्यवसाय किंचित अधिक निघाले. परंतु कुटुंबाचा एकूण उपभोग, मुलांचे शिक्षण किंवा स्त्रियांचे निर्णयस्वातंत्र्य यांत लक्षणीय फरक आढळला नाही. लाभ झाला तो मुख्यतः आधीपासून व्यवसाय असणाऱ्यांना. आपल्या विषयाला याहून जवळचा अभ्यास कोलकात्याचा आहे. तेथे एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी काही कर्जदारांना पहिल्या हप्त्यापूर्वी दोन महिन्यांची सवलत दिली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार अशा स्त्रियांनी व्यवसायात अधिक भांडवल घातले आणि पुढे त्यांचा नफाही वाढला. मात्र थकबाकीही वाढली. हा दुसरा भाग लपवून चालणार नाही. सवलत दिली की जोखीम वाढते, आणि त्या जोखमीचा खर्च कोणी तरी उचलावा लागतो. आठवडी हप्त्याचे समर्थक शिस्तीचा मुद्दा मांडतात, तो निराधार नाही. प्रश्न एवढाच की, ती शिस्त कशासाठी आहे: कर्ज परत येण्यासाठी की व्यवसाय वाढण्यासाठी?

बचत गटांनी या प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले होते. बेंगळुरूच्याच मायराडा संस्थेने 1980 च्या दशकात ग्रामीण कर्नाटकात असे गट उभे केले. त्या अनुभवाचा आधार घेऊन नाबार्डने 1992 मध्ये गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. बचत गटात पैसा सभासदांचा असतो आणि मुदत बैठकीत ठरते. ‘कोष विकले की देते’ हे वाक्य तेथे समजते, कारण ऐकणारीच्या घरीही अळ्या असतात. महाराष्ट्रातील महिला गटांनाही हा अनुभव नवा नाही. त्यांची मर्यादा रकमेची आहे, समजुतीची नाही.

नियमांची आडकाठी आता फारशी उरलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या चौकटीनुसार वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे विनातारण कर्ज हे सूक्ष्मकर्ज ठरते आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. त्याच चौकटीत, कर्जदाराच्या गरजेनुसार परतफेडीचा कालावधी लवचीक ठेवण्याचे धोरण प्रत्येक संस्थेने आखावे, असेही म्हटले आहे. हे कलम चर्चेत क्वचितच येते. शिवाय ‘मासिक उत्पन्न’ या शब्दांतच अडचण आहे. सत्तर दिवसांनी येणाऱ्या उत्पन्नास मासिक कसे करावे, आणि उझी माशीने नेलेली बॅच त्यातून कशी वजा करावी?

येथे दोष एकट्या वित्तसंस्थांचा नाही. कृषी संशोधन संस्थांच्या शिफारशींत अंडीपुंजांची संख्या, पाल्याचे वजन, तापमान, आर्द्रता, निर्जंतुकाचे प्रमाण असे सारे असते. पैसा कोणत्या दिवशी लागतो आणि कोणत्या दिवशी येतो, हे मात्र नसते. हीच गोष्ट मधमाशीपालनाची आणि ट्रायकोकार्ड तयार करणाऱ्या छोट्या केंद्रांची. ट्रायकोकार्डला मागणी किडीच्या हंगामात येते आणि कार्ड काही दिवसांतच निरुपयोगी होते. प्रत्येक शिफारशीसोबत खर्च आणि उत्पन्नाचे दिनदर्शक द्यावे आणि किती बॅचमागे एक बॅच बुडते, याचा प्रामाणिक अंदाज जिल्हानिहाय द्यावा. त्याच्या प्रती रेशीम विभागासोबत सूक्ष्मकर्ज संस्थांच्या शाखांनाही द्याव्यात. हप्त्याच्या तारखा कोषविक्रीनंतरच्या आठवड्यात पडतील, अशी कर्जयोजना एखाद्या तालुक्यात दोन वर्षे चालवून पाहण्यास फार मोठा निधी लागणार नाही. शिडलघट्टा किंवा बीड यांपैकी कोणताही तालुका चालेल. मात्र एका गटातील सभासदांनी वेगवेगळ्या तारखांना अळ्या आणाव्यात, एवढी अट त्यात असावी. ती घालण्यास कीटकशास्त्रज्ञाची गरज लागेल.