शेतांतील पाखरें आणि आपला हिशेब

पौषांत शाळूचीं कणसें भरूं लागलीं, कीं सुप्याच्या शिवारांत गोफणी फिरूं लागतात. भोरड्यांचा थवा रानावर उतरला म्हणजे शेतकऱ्याचा जीव कासावीस होतो. कारण वर्षाची भाकरी त्या कणसांत असते. अशा घरच्या मुलास ‘पक्षिनिरीक्षणास चल’ म्हटलें, तर ‘हा रिकामटेकड्यांचा उद्योग’ असें वडिलांनीं म्हणावें, यांत नवल नाहीं. तथापि आमच्या मतें हा उद्योग शेतकऱ्याच्याच मुलांना अधिक उपयोगी आहे.

मनुष्यास नुकसान चटकन दिसतें. उपकार दिसत नाहीं. भोरडी दाणे खाते, हें उघड आहे. परंतु हीच भोरडी उन्हाळ्यांत मध्य आशियांत पिलें वाढवितांना टोळ खाते. म्हणून चीनच्या शिंच्यांग प्रांतांत तिच्या घरट्यांसाठीं मुद्दाम जागा करून देतात. त्याच चीन देशांत १९५८ सालीं चिमण्यांना धान्यचोर ठरवून त्यांचा संहार करण्यांत आला. पुढें किडींनीं पिकांवर धाड घातली, आणि १९६० सालीं चिमणीचें नांव शत्रूंच्या यादींतून काढावें लागलें. अर्धाच हिशेब मांडणाऱ्याचें असें होतें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, मुलांनीं एकाच शेतांत दोन फेऱ्या कराव्या. पहिली नोव्हेंबरांत. कै. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर व डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. यांमधील आठवडा महाराष्ट्रांत पक्षिसप्ताह म्हणून पाळतात. तेव्हां पीक कोवळें असतें. कोतवाल व वेडा राघू तारेवरून झेप घेऊन किडे टिपतात. गुरांच्या पायांशीं गायबगळे चरतात. कापशी घार हवेंत एके ठिकाणीं पंख हालवीत थांबते व खालच्या उंदरावर झडप घालते. दुसरी फेरी दाणे भरल्यावर, जानेवारींत. त्या वेळीं कणसांवर कोण बसतो व किती वेळ, तेंही तितक्याच प्रामाणिकपणें टिपावें. दोन्ही पानें शेजारीं ठेवून मगच निवाडा करावा.

फेरीस मुलें थोडीं असावीं. शेतधन्याची परवानगी घ्यावी, बांधावरूनच चालावें, घरट्यास हात लावूं नये, बेचकी घरींच ठेवावी. दुर्बीण नसली तरी अडत नाहीं. पाखरांचीं नांवें गांवांतील वडीलधाऱ्यांस विचारावीं. चितमपल्लींनीं अशींच लोकांच्या तोंडचीं नांवें रानोमाळ हिंडून गोळा केलीं.

आपल्या जिल्ह्यांत ज्यांचें बरेंच आयुष्य गेलें, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं ‘केवढें हें क्रौर्य!’ या कवितेंत घायाळ पक्षिणीची व्यथा गाइली. त्या दयेस आतां ज्ञानाची जोड हवी. सुपें येथें औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे. माळ आटत चालला आहे. उरलेल्या शेतांच्या बांधांवर पाखरांना जागा ठेवावी कीं नाहीं, हें उद्यां याच मुलांना ठरवावयाचें आहे. पालकहो, त्यांनीं तें पाहून ठरवावें, ऐकून नव्हे.