परवाना मारण्याचा, जाब कोणाला?

जेम्स बाँड या इंग्रज हेराने १९६२ सालच्या 'डॉक्टर नो'पासून सहा दशके मृत्यूला हुलकावणी दिली. २०२१ साली आलेल्या 'नो टाइम टू डाय' या पंचविसाव्या चित्रपटात मात्र तो अखेर धारातीर्थी पडला. डॅनियल क्रेगच्या या निरोपावर रसिकांनी बरेच अश्रू ढाळले. आम्हांला त्या मरणापेक्षा त्याचे कारण अधिक विचारार्ह वाटते.

ज्या अस्त्रापायी हा अनर्थ ओढवतो, ते कोणा परक्या खलपुरुषाचे अपत्य नव्हे. आनुवंशिक खुणा ओळखून नेमक्या त्याच माणसाला मारणारे ते अतिसूक्ष्म यंत्रकण खुद्द बाँडच्या वरिष्ठाने, 'एम'ने, गुपचूप तयार करविलेले असतात. ते चोरीस जातात आणि घरचेच भूत घरावर उलटते. बाँडच्याच सांगण्यावरून ब्रिटिश युद्धनौका क्षेपणास्त्रे सोडते. शत्रूचे बेट भस्मसात होते आणि त्यात तोही जातो. आणि 'एम'? तो कचेरीत सहकाऱ्यांसह दिवंगताच्या नावे पेला उंचावतो! ना चौकशी, ना राजीनामा. करावे एकाने, भरावे दुसऱ्याने, असा हा न्याय.

हा केवळ पटकथेचा दोष नव्हे. ज्या एम-आय-सिक्सचा बाँड नोकर, तिला ब्रिटिश पार्लमेंटने कायद्याचे अधिष्ठान दिले ते १९९४ साली. तोवर बाँडचे सोळा चित्रपट जगाने पाहिले होते! त्याच कायद्याने लोकप्रतिनिधींची देखरेख समितीही अस्तित्वात आली.

गोमंतकीयांना हा विषय परका नाही. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या टोळीने तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यातील मुरगाव बंदरात 'एहरेनफेल्स' या जर्मन जहाजावर रात्री छापा घातला. जेम्स लीझर यांच्या १९७८ च्या पुस्तकाने ती हकीकत उजेडात आणली. तिच्यावरील 'द सी वुल्व्ह्ज' या १९८० च्या चित्रपटात वावरला रॉजर मूर, म्हणजे त्या काळचा बाँडच! जर्मन पाणबुड्यांना जाणाऱ्या खबरा रोखणे हा हेतू रास्त मानला, तरी ज्यांच्या बंदरात हे घडले त्या गोमंतकीयांना विचारले कोणी? पारतंत्र्यात तशी अपेक्षाच व्यर्थ होती. स्वातंत्र्यात ती बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरते.

आपल्या 'रॉ'ची स्थापना १९६८ ची. २०१२ सालच्या 'एक था टायगर'पासून तिचे हेर पडद्यावर टाळ्या घेत आहेत. परंतु तिच्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. मनीष तिवारी यांनी २०११ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. हेरगिरीला गुप्तता हवी, हे आम्ही जाणतो. पण ती शत्रूपासून हवी. लोकांनी निवडून दिलेल्या मोजक्या, शपथबद्ध प्रतिनिधींपासून नव्हे. परकी राजवटीच्या गुप्त पोलिसांचा अनुभव ज्या पिढीने घेतला, तिला हे सांगणे न लगे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बाँडपटांची निर्मितीसूत्रे अमेझॉन कंपनीकडे जाणार असल्याचे जाहीर झाले. तेव्हा नवा बाँड येईलच. चित्रगृहात त्याला टाळ्या जरूर द्याव्यात. बाहेर पडताना मात्र प्रत्येकाने स्वतःस विचारावे : आपल्या 'एम'ला जाब विचारणारा कोण?